आईला काय बघायचंय?

म्युनिकहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. नवरा आणि नऊ वर्षांच्या मुलासोबत त्या तिथे राहतात. जुलैमध्ये सांगलीहून आई-बाबा येणार आहेत आणि सगळ्यांनी मिळून चार दिवस ग्रीसमधल्या नाफ्प्लियो या समुद्रकाठच्या गावी जायचं ठरलंय. बाबा निवृत्त इतिहासशिक्षक, शाळेची पोरं घेऊन आयुष्यभर गड हिंडलेले. त्यांनी आत्ताच अकरा ठिकाणांची यादी पाठवून दिलीय. आई 66 वर्षांची, दोन्ही गुडघे धरलेले. ती फोनवर म्हणते, "मी हॉटेलात बसते, तुम्ही या जाऊन." नवऱ्याचं म्हणणं, किल्लेच बघायचे तर ग्रीसला कशाला जायचं? मुलाला नुसतं पोहायचंय. ताई विचारतात, "चार दिवसांत काय बघू आणि काय सोडू? आणि मुख्य म्हणजे आईचं काय करू? तिला खोलीत एकटी ठेवून फिरायचं मनाला पटत नाही आणि सोबत घेतलं तर बाबांचं काहीच बघून होणार नाही."

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाबांना काय बघायचंय ते अकरा ओळींत कळलं. तुमच्या यजमानांना काय नकोय तेही कळलं, मुलाचंही कळलं. आईला काय बघायचंय, हे मात्र पत्रात कुठेच नाही. तिच्याबद्दल आहे ते सगळं तिच्या गुडघ्यांबद्दल.

"मी बसते, तुम्ही या जाऊन" हे वाक्य आपल्या घरांतून इतक्यांदा ऐकलंय की आपण ते उत्तर म्हणून धरून चालतो. माझी आईही हेच म्हणायची. पंगतीत शेवटी बसणाऱ्या बाईचं "मला फारशी भूक नाही" असतं ना, त्याच जातीचं हे वाक्य आहे. आपली अडचण कुणाला होऊ नये म्हणून ते आधीच बोलून टाकलेलं असतं. तेव्हा पहिलं काम हे करा: बाबा घरात नसताना आईला फोन लावा. "येशील का?" असं विचारू नका, त्याला "बघू" हेच उत्तर येतं. नेमकं विचारा. सपाटीवर किती वेळ चालवतं? चढताना जास्त दुखतं की उतरताना? ऊन सोसतं का? मध्ये बसायला मिळालं तर पुढे जाववतं का? बऱ्याच जणांना गुडघ्याचा खरा त्रास उतरताना होतो. आपण मात्र चढाचीच भीती घालत राहतो आणि उतरणीचा विचार करतच नाही.

दुसरी गोष्ट. इतिहास म्हणजे डोंगरावर, आणि आई म्हणजे खाली, अशी वाटणी तुम्ही मनात करून टाकलीय. नाफ्प्लियोच्या बाबतीत ती खरी नाही. पलामिदीचा किल्ला वर आहे, 216 मीटरवर, हे खरं. पण या गावात जे सर्वांत मोठं घडलं ते खाली, गल्लीत घडलं.

एथेन्सच्या आधी स्वतंत्र ग्रीसची राजधानी इथे होती. 1834 मध्ये ती एथेन्सला हलली. त्याआधी इथे कारभार होता इओआनिस कापोदिस्त्रियास यांचा. मूळचे कोर्फू बेटावरचे, शिकून डॉक्टर झालेले, पुढे रशियाच्या झारचे परराष्ट्रमंत्री. ते सगळं सोडून 1828 मध्ये ते या नव्या, कंगाल देशाचे पहिले प्रमुख म्हणून आले. 9 ऑक्टोबर 1831 च्या सकाळी ते प्रार्थनेसाठी संत स्पिरिदॉन यांच्या चर्चमध्ये निघाले होते आणि दारातच त्यांना मारलं. मारणारे मानी प्रांतातल्या मावरोमिखालिस घराण्यातले काका-पुतणे होते. त्यांच्या घरातला कर्ता पुरुष कापोदिस्त्रियास यांनी कैदेत टाकला होता, त्याचा हा सूड.

ते चर्च इतकं लहान आहे की पहिल्यांदा गेले तेव्हा मी समोरून पुढे निघून गेले होते. आपल्या गावातलं एखादं विठ्ठलमंदिर असतं तेवढंच. दाराशेजारी भिंतीत हाताच्या उंचीवर काचेची छोटी चौकट बसवलीय, आणि काचेमागे दगडात एक खळगा. गोळीची खूण म्हणून ती दाखवतात. मी उभी होते तेव्हा एक म्हातारी आजी पिशवीत भाजी घेऊन आली, त्या काचेकडे न बघता आत गेली, मेणबत्ती लावली, बाहेर येऊन पुन्हा वाटेला लागली. देशाच्या पहिल्या प्रमुखाचा खून झाला ती जागा आणि रोजचं देवदर्शन, दोन्ही एकाच उंबऱ्यावर. तिथवर जायला मुख्य चौकातून थोडा चढ आणि काही पायऱ्या आहेत. हात धरून, सावकाश, आईला जमण्यासारखं आहे.

याच कापोदिस्त्रियास यांची आणखी एक गोष्ट आईला जरूर सांगा. ग्रीसमध्ये बटाटा रुजवायचं श्रेय त्यांना देतात. लोक बटाटा घेईनात, तेव्हा त्यांनी म्हणे बंदरावर बटाट्यांचे ढीग लावले आणि भोवती पहारा बसवला. एवढा पहारा आहे म्हणजे माल मोलाचा असणार, असं म्हणून लोकांनी रातोरात चोरून नेला, आणि पहारेकऱ्यांना डोळेझाक करायचा हुकूम होताच. ही दंतकथा आहे, पण बंदराच्या धक्क्यावर बसून सांगायला फार छान आहे.

मुख्य चौकाचं नाव सिंताग्मा, म्हणजे राज्यघटना. सपाट, संगमरवरी फरशीचा, गाड्यांना बंदी. आईला घेऊन तुम्ही इथे कितीही वेळ बसू शकता आणि बसल्या जागेवरून तीन राजवटी दिसतात. एका टोकाला तीन मजली दगडी इमारत आहे, 1713 ची, व्हेनिसच्या आरमाराचं कोठार. आता तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. समोर तुर्कांच्या काळातली मशीद, तिचं पुढे सिनेमागृह झालं. चौकाजवळच दुसरी मशीद आहे, तिच्यात नव्या ग्रीसची संसद भरायची. बाबांना त्या दुसऱ्या मशिदीसमोर जरा जास्त वेळ द्या. 1834 मध्ये तुर्कांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती थिओदोरोस कोलोकोट्रोनिस याच्यावर राजद्रोहाचा खटला तिथे चालला आणि देहान्ताची शिक्षा झाली. पाच न्यायाधीशांपैकी दोघांनी, पोलिझोइदिस आणि तेर्त्सेतिस यांनी, निकालावर सही करायला साफ नकार दिला. शिपायांनी त्यांना धरून बळाने न्यायासनावर बसवलं, तरी सही केली नाही. रामशास्त्री प्रभुण्यांचा धडा पिढ्यान् पिढ्या शिकवलेल्या माणसाला ही जागा दाखवल्यावर पुढचा अर्धा तास तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. (सेनापतीची शिक्षा नंतर कैदेवर आली आणि पुढच्या वर्षी सुटकाही झाली.)

संग्रहालयात एकच वस्तू बघायची तर देंद्रा गावच्या थडग्यात सापडलेलं काशाचं चिलखत बघा. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं. गळ्याभोवती उंच पट्टी, खांद्यांवर वाकवलेले पत्रे, खाली घागऱ्यासारखी एकाखाली एक कडी, आणि सोबत रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण. आत माणूस नाही, तरी समोर कुणीतरी उभं आहे असं वाटतं. तुमचा मुलगा तिथून हलणार नाही. आठवड्यातून एक दिवस संग्रहालय बंद असतं, वार आधी बघून ठेवा.

आता पलामिदी. तुमच्या यजमानांचा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. ज्याच्या डोळ्यांपुढे रायगड आणि सिंधुदुर्ग आहेत त्याला हे विचारायचा हक्क आहे. उत्तर असं आहे: आपले गड डोंगराच्या कड्यावर भिस्त ठेवतात. पलामिदी तोफांचं गणित मांडून बांधलेला आहे. व्हेनिसच्या लोकांनी तो 1711 ते 1714 या तीनच वर्षांत उभा केला, म्हणजे इकडे बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले त्याच काळात. आत आठ बुरूज आहेत, पण आपण बुरूज म्हणतो तसे नव्हेत. प्रत्येक बुरूज म्हणजे स्वतंत्र छोटा किल्ला. एक पडला तरी शेजारचा त्याच्यावर मारा करू शकेल अशी रचना. राजगडाची संजीवनी माची पाहिलेल्यांना ही कल्पना लगेच कळते, आणि वसईच्या पोर्तुगीज कोटाचे कोनाकोनाचे बुरूज आठवले तर घराणंही ओळखू येतं. इतकं करून 1715 मध्ये, बांधून वर्ष होतं न होतं तोच, तुर्कांनी तो घेतला. शिबंदीच पुरेशी नव्हती. मग 1822 च्या शेवटी संत आंद्रेयांच्या सणाच्या रात्री स्ताइकोस स्ताइकोपुलोस याच्या लोकांनी भिंतीवर चढून तो ग्रीकांसाठी जिंकला. गड कसा बांधलाय यापेक्षा तो कोण लढवतोय हे महत्त्वाचं, असं बाबांनी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल! इथे त्याचा पुरावा आहे.

वर जायला 999 पायऱ्या, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मोजणाऱ्यांच्या हिशेबात त्या साडेआठशेच्या आसपास भरतात. पण तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की गडाच्या मागच्या दारापर्यंत डांबरी रस्ता जातो. गावातून टॅक्सी करा आणि दार उघडायच्या वेळेला पोचा. यजमान आणि मुलगा यांना पायऱ्यांनी जायची हौस असेल तर त्यांनी पहाटेच निघावं, पायऱ्यांवर सावली नाही. बाबांनीही टॅक्सीनेच जावं, त्यांचा कितीही आग्रह असला तरी. सत्तरीच्या घरातल्या माणसाने जुलैत त्या पायऱ्या उतरणं मला मान्य नाही. आईला वाटलं तर तिनेही यावं. आत उंचसखल आहे, दगड झिजून गुळगुळीत झालेत, काठी हवी. एखाद-दुसरा बुरूज बघून ती सावलीत बसली तरी तिने पलामिदी पाहिला असंच धरा. कोलोकोट्रोनिसची म्हणून एक कोठडी दाखवतात, तिचं दार इतकं बुटकं की वाकून, जवळजवळ रांगत आत जावं लागतं. तिथे आईला नेऊ नका. मुलाला जरूर न्या.

मुलाचा विषय निघालाच आहे तर सांगते. तुम्ही म्युनिकला राहता हे वाचून मला फार आनंद झाला. 1833 मध्ये याच बंदरात जो ग्रीसचा पहिला राजा उतरला तो 17 वर्षांचा ओटो बव्हेरियाच्या, म्हणजे म्युनिक ज्याची राजधानी त्या राज्याच्या, राजाचा मुलगा होता. त्याच्याबरोबर आलेले कितीतरी बव्हेरियन सैनिक लढाईत नाही, तापाच्या साथीत मेले. गावाबाहेर प्रोनिया भागात त्यांच्या आठवणीसाठी खडकात कोरलेला निजलेला सिंह आहे, ओटोच्या वडिलांनी करवून घेतलेला. आणि म्युनिकला क्योनिग्सप्लात्झ चौकात जे प्रॉपिलेएन नावाचं भव्य दगडी द्वार आहे, ते ओटोच्या या ग्रीक राज्याचंच स्मारक, आत ग्रीक वीरांची नावं कोरलेली आहेत. ओटो पुरलाय तोही तुमच्याच शहरात, थिआटिनर चर्चमध्ये. निघायच्या आधी एका रविवारी आजोबा-नातवाला ही दोन ठिकाणं दाखवा. मग नाफ्प्लियोतला तो सिंह त्या पोराला आपल्या ओळखीचा वाटेल. त्यासाठी ना पायऱ्या लागतात ना तिकीट.

समुद्रातला बुर्त्झी हा छोटा कोट सगळ्यांना आवडेल. 1473 च्या सुमाराचा, व्हेनिसचाच. त्याच्यापासून किनाऱ्यापर्यंत साखळी ताणून बंदराचं तोंड बंद करायचे. एकोणिसाव्या शतकात तिथे फाशी देणारे जल्लाद राहायचे, कारण गावात त्यांना कुणी शेजार देईना. पुढे काही दशकं तिथे हॉटेल होतं. धक्क्यावरून होड्या जातात, त्या दिवशी आत सोडतायत का ते होडीवाल्यालाच विचारा. नाही सोडलं तरी सूर्य मावळताना धक्क्यावरून तो बघणं कमी नाही, आणि धक्का सपाट आहे. पोहायला आर्वानितियाचा गोट्यांचा किनारा गावाला लागून आहे, वाळू हवी तर काराथोनाला गाडीने जा. धक्क्यावरून अक्रोनाफ्प्लिया या जुन्या कोटाच्या कड्याखालून जाणारी पायवाट फार सुंदर आहे, पण दरडी पडतात म्हणून ती कधीकधी बंद ठेवतात. आधी चौकशी करा.

बाबांच्या यादीतली गावाबाहेरची तीन नावं, मायसिनी, तिरिन्स (दोन्ही प्राचीन कोट) आणि एपिदॉरस (प्राचीन देवस्थान), हीच खरी तुमची ओढाताण आहे. तिन्ही जागतिक वारसा आहेत. माझं मत विचाराल तर तिन्ही एका दिवसात कोंबू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

एपिदॉरसला सगळ्यांनी जावं आणि आईने तर नक्कीच. लोक तिथे नाट्यगृहासाठी जातात, आणि ते आहेच तसं: 55 ओळी, साधारण 14,000 माणसं बसतील एवढं, खाली मधोमध उभं राहून बोललेलं वरपर्यंत पोचतं. यजमान आणि मुलगा वर चढतील, आई खाली मध्यभागी उभी राहून एखादा अभंग म्हणेल. वरच्यांनी ऐकायचा. पण ती जागा मुळात नाट्यगृहाची नाही, ती आस्क्लेपिओस या आरोग्यदेवाची. दुखणाईत लांबून यायचे, न्हाऊन-धुऊन देवाच्या ओवरीत रात्र काढायचे, आणि देव स्वप्नात येऊन उपाय सांगायचा. बरे झालेल्यांच्या हकिगती कोरलेले दगड तिथल्या छोट्या संग्रहालयात आहेत. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी गुडघे, डोळे, पोट घेऊन आलेल्या माणसांचं ते गाऱ्हाणं आणि नवस फेडणं आहे. तुमच्या आईला हे परकं वाटेल असं मला बिलकुल वाटत नाही. उलट या एका जागी बाबांपेक्षा तिलाच जास्त समजेल. जुलै-ऑगस्टमध्ये शुक्रवारी आणि शनिवारी रात्री तिथे प्राचीन नाटकांचे प्रयोग होतात. भाषा कळत नसली तरी जावं. तिकीट काढताना खालच्या ओळी मागा, आणि बसायला उशी न्या, बैठक दगडाची आहे.

तिरिन्स नाफ्प्लियोपासून 4 किलोमीटरवर. तिथे गर्दी नसते, आणि म्हणूनच मला ते मायसिनीपेक्षा जवळचं वाटतं. भिंतीतले दगड एवढे मोठे की जुन्या ग्रीकांनीच ते एकाक्ष राक्षसांनी रचले असं ठरवून टाकलं. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसानियस लिहून गेलाय की यातला लहानात लहान दगडही खेचरांच्या जोडीला हलणार नाही. भिंतीच्या पोटात एक निमुळत्या छताचा बोगदा आहे. त्याचे दगड खालच्या बाजूला आरशासारखे गुळगुळीत झालेत, कारण शेकडो वर्षं धनगर तिथे मेंढ्या कोंडायचे आणि त्यांच्या लोकरीने दगड घासत राहिले. सकाळचा तास-दीड तास पुरे.

मायसिनी मात्र उघडं, चढाचं, तापणारं. तिथे तुम्ही आणि बाबा, दोघंच जा, सकाळी उघडल्याबरोबर. सिंहद्वार, जर्मन उत्खननकार श्लीमानने 1876 मध्ये सोनं काढलं ती थडगी, सगळं निवांत बघा. त्या सकाळी आई, नातू आणि जावई गावात राहतील, चौकात नाश्ता करतील, बंदरावर फिरतील. हे आईला मागे ठेवणं नव्हे, त्यांचीही ती सहलच आहे. आईला जायचंच असेल तर वरचा चढ सोडून रस्त्यालगतचं, आत्रेउस राजाचं म्हणतात ते थडगं दाखवा: तेहेतीसशे वर्षांपूर्वीचा दगडी घुमट, आत शिरल्यावर ऊन एकदम तुटतं. उष्णतेची लाट आली तर सरकार अशी उघडी ठिकाणं दुपारी बंद ठेवतं, तेव्हा दुपारचा कुठलाच बेत पक्का धरू नका. दुपारी झोपा. गावही झोपतं.

बाबांचंही एकदा नीट ऐकून घ्या. अकरा ठिकाणं झाली नाहीत तर ते नाराज होतील हे तुम्ही गृहीत धरलंय. मला वाटतं, परक्या देशात लेक-जावयाच्या जिवावर हिंडताना आपल्यालाही काही देता यावं म्हणून त्यांनी ती यादी केली असावी. त्यांना विचारा, "बाबा, यातली कुठली चार तुम्ही आम्हाला स्वतः सांगणार?" त्या चारांची तयारी ते तीन महिने करतील. उरलेल्या सातांचं नाव कदाचित काढणारही नाहीत.

खाण्याची काळजी नको. ग्रीक लोकांचे उपास खूप असल्याने 'नीस्तिसिमो' म्हटलं की मांस, अंडी, दूधदुभतं नसलेलं काय आहे ते सांगतात, फक्त त्यात कधी कालवं-कोळंबी येते, तेवढं विचारून घ्या. भात भरलेले टोमॅटो, टोमॅटोच्या रश्शातल्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या डाळिंब्या, पालक भरून भाजलेली खारी आईला आवडेल. खोली तळमजल्यावरची किंवा लिफ्ट असलेली घ्या, आणि घेण्याआधी रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती ते लेखी विचारा. जुन्या गावातली देखणी घरं वरच्या गल्ल्यांत आहेत आणि त्या गल्ल्याच पायऱ्यांच्या आहेत. आईला निघण्याआधी रबरी तळाचे बूट घेऊन द्या आणि सांगलीतच पंधरा दिवस वापरायला लावा. सिंताग्मा चौकातला संगमरवर इतक्या पावलांनी घासलाय की कोरडा असतानाही चपला सरकतात.